नणंद की जाऊ? कोरियन मालिका बघत कोरियन शिकणाऱ्यांसाठी धागा

पागोळी

गणपती झाल्यावर आई साताऱ्याहून महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणं आटोपली की मी एक कोरियन कौटुंबिक मालिका लावायचे आणि आई शेजारी येऊन बसायची. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून खालची पट्टी वाचून मी तिला मराठीत सांगायचे. दोन दिवस छान चाललं, तिसऱ्या दिवशी अडलं.

प्रसंग छुसोकचा होता. छुसोक म्हणजे त्यांचा सुगीचा सण, आठव्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला येतो. घरातली एक बाई जमिनीवर कागद पसरून, विजेचा तवा मांडून, माशाचे आणि कोवळ्या भोपळ्याचे काप अंड्यात बुडवून तळत बसली आहे. दारातून दुसरी येते, हातात फळांची पेटी. तळणारी हात पुसत उठते, किंचित वाकते आणि म्हणते, "ह्योंगनिम, ओश्योस्सोयो?" पट्टीवर 'सिस्टर-इन-लॉ' आलं. मी आईला म्हटलं, "नात्यातली कुणीतरी आलीये." आईनं लगेच विचारलं, "नात्यातली म्हणजे कोण? नणंद की जाऊ?"

मला सांगता येईना. प्रश्न तर अगदी बरोबर होता. जाऊ असेल तर तळण संपत आल्यावर ती का उगवली, हे मनात येतं. नणंद असेल तर ती माहेरी आलीये, तिला कुणी तव्यापुढे बसवणार नाही. पुढचं सगळं भांडण यावरच उभं राहणार, आणि मी दोन वर्षं अशा मालिका बघूनही मला ते कळत नव्हतं.

त्या रात्रीपासून मी नीट शिकायला लागले. लिपी दहा दिवसांत वाचता येऊ लागली. आणि मग एक वाक्य कानावर पडलं, ज्यानं माझं डोकंच उघडलं: "जिबे गासो बाप मोक्को जास्सो." जिबे, घरी. गासो, जाऊन. बाप, भात (त्यांच्याकडेही भात म्हणजेच जेवण). मोक्को, खाऊन. जास्सो, झोपलो. घरी जाऊन भात खाऊन झोपलो! एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हेच इंग्रजीतून समजून घ्यायला गेलं की अख्खं वाक्य उलटंपालटं करावं लागतं. शब्दयोगी अव्ययंही आपल्यासारखी नामामागे चिकटतात. 'क्काजी' म्हणजे पर्यंत, 'बुथो' म्हणजे पासून, 'बोदा' म्हणजे पेक्षा, 'नादो' म्हणजे मीसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण मराठी माणसांनी कोरियन इंग्रजीच्या दारातून शिकू नये, थेट मराठीतून शिकावं. तुम्ही कसं शिकलात ते लिहा. आणि त्या ह्योंगनिमचं कोडंही कुणाला सुटत असेल तर सांगा, आई दर फोनवर विचारते.

तिठा

मस्त धागा, पागोळी. ह्योंगनिम हा शब्द मी फक्त गुंडांच्या सिनेमात ऐकलाय. तिथे टोळीतले सगळे म्होरक्याला ह्योंगनिम म्हणतात, आपल्याकडे 'भाई' म्हणतात तसं. दोन बायकांमध्ये तो कसा आला ते मलाही जाणून घ्यायचंय.

शिकण्याबद्दल माझा अनुभव असा. मालिकांपेक्षा त्यांचे गप्पांचे आणि खेळांचे कार्यक्रम बघा. त्यात बोललेली वाक्यं पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत कोरियनमध्येच उमटतात. कान आणि डोळा एकाच वेळी कामाला लागतो. मी वाचायला शिकलो ते त्यांवरच.

पण पट्टी लिहिणाऱ्यांना फार बोल लावू नये असं मला वाटतं. 'पॅरासाइट' सिनेमात (२०१९) मूळ संवादात सोल राष्ट्रीय विद्यापीठाचं नाव आहे, इंग्रजी पट्टीत तिथे ऑक्सफर्ड केलंय. 'च्यापागुरी' हा दोन तयार नूडल्सची पाकिटं एकत्र करून होणारा पदार्थ, त्याला पट्टीत 'रॅमडॉन' असं नवंच नाव दिलं. दोन सेकंदांत प्रेक्षकाला प्रसंग कळायला हवा, तेवढंच त्या माणसाच्या हातात असतं. भाषा शिकवणं हे त्याचं काम नव्हे.

ओसरी

तिठा, काम नव्हे हे मान्य. पण म्हणूनच शिकणाऱ्यानं पट्टीवर विसंबू नये. 'स्क्विड गेम' मालिकेतला (२०२१) अली आठवा. ती भूमिका करणारे अनुपम त्रिपाठी मूळचे दिल्लीचे, सोलमध्ये नाट्यशिक्षण घेतलेले, आणि त्यांचे सगळे संवाद कोरियनमध्ये आहेत. पाकिस्तानी कामगार म्हणून अली समोरच्या प्रत्येकाला 'साजांगनिम' म्हणतो, म्हणजे मालक, शेठ. मग त्याच्यासोबत खेळणारा सांगउ त्याला म्हणतो, शेठ नको, ह्योंग म्हण. ह्योंग म्हणजे पुरुषानं थोरल्या भावाला मारलेली हाक. परक्या देशात राबणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी दादा म्हणायची परवानगी देतं, आणि पुढे गोट्यांच्या खेळात तोच दादा त्याला फसवतो. इंग्रजी पट्टीत तिथे नुसतं नाव येतं. मराठीत 'शेठ नको, दादा म्हण' एवढं म्हटलं की काळजात हलतं.

पागोळींनी मांडलेल्या मुद्द्यात मी भर घालते. खरी गंमत संयुक्त क्रियापदांत आहे.

'बोदा' म्हणजे बघणे. 'मोगो ब्वा' म्हणजे खाऊन बघ.
'जुदा' म्हणजे देणे. 'हे ज्वो' म्हणजे करून दे.
'बोरिदा' म्हणजे टाकणे, फेकणे. 'मोगो बोर्योस्सो' म्हणजे खाऊन टाकलं.
'नोत्ता' म्हणजे ठेवणे. 'हे न्वास्सो' म्हणजे करून ठेवलंय.

'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यांत काय फरक आहे हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तिथे पानभर स्पष्टीकरण वाचावं लागतं.

मात्र हे डोळे मिटून लावत सुटू नका. 'गा बोर्योस्सो' याचं 'जाऊन टाकला' होत नाही, 'निघून गेला' होतं, आणि त्यात हळहळ किंवा राग मिसळलेला असतो. 'गा ब्वास्सो?' म्हणजे 'जाऊन बघितलंस का' असं वाटतं, पण बहुतेक वेळा विचारायचं असतं ते 'कधी गेली आहेस का तिथे'. ऐकायचं, मराठीत धरायचं, आणि तीन-चार वेगळ्या प्रसंगांत तपासून मग वहीत लिहायचं, ही माझी पद्धत. एका रात्रीत तीन भाग संपवण्यापेक्षा एकच तीन मिनिटांचा प्रसंग आठवडाभर घोळवावा. पहिल्यांदा पट्टी लावून, मग कोरियन पट्टी लावून, मग काहीच न लावता, आणि शेवटी पात्राच्या मागोमाग मोठ्यानं म्हणत.

परीक्षेचं कुणी विचारेल म्हणून सांगते. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेत सहा पातळ्या असतात. पहिल्या दोन पातळ्यांचा पेपर २०० गुणांचा, त्यात ऐकणं आणि वाचणं एवढंच. ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी. तिथपर्यंत मालिकांनी कान तयार झालेला फार उपयोगी पडतो. तिसऱ्या पातळीपासून लेखनही येतं, आणि तिथे मालिका पुरत नाहीत. निबंध बोलीभाषेत लिहून चालत नाही, त्यासाठी बातम्या आणि अग्रलेखच वाचायला हवेत.

घडवंची

मी मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेला शिक्षक. नातीमुळे या मालिकांकडे वळलो. लिपीबद्दल दोन शब्द.

राजा सेजोंग यांनी ही लिपी १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ साली प्रजेपुढे ठेवली. मूळ व्यंजनांचे आकार उच्चाराच्या अवयवांवरून घेतले आहेत. क-गचं अक्षर घशाकडे उचललेल्या जिभेच्या मुळासारखं, नचं अक्षर वरच्या दातांमागे टेकलेल्या जिभेच्या टोकासारखं, मचं अक्षर चौकोनी मिटल्या तोंडासारखं, सचं दातासारखं आणि वाटोळं अक्षर कंठासारखं. 'क'ला एक रेघ वाढवली की 'ख' होतो. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला ज्यांनी बालपणी म्हटली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. नातीच्या वहीतलं ते पान पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला.

नात म्हणत होती की लिहिलेलं एक आणि ऐकू येतं भलतंच. मी दोन-चार शब्द विचारले. लिहितात 'हानगुक' आणि 'माल' (कोरियन भाषा), उच्चारतात 'हानगुङमाल'. लिहितात 'क्कुत' आणि 'नादा' (संपणे), उच्चारतात 'क्कुन्नादा'. मी तिला म्हटलं, बाळ, वाक् आणि मय मिळून वाङ्मय, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातलं अनुनासिक होतं. आठवीच्या व्यंजनसंधीचा नियम. तेव्हापासून तिला 'हाम्निदा' लिहिताना प चुकत नाही.

तिठा

सर, हे भन्नाट आहे. मी हे सगळे उच्चार एकेक करून पाठ केले होते!

एक शंका. तमिळ आणि कोरियन या बहिणी आहेत असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. आई-वडिलांना ओम्मा, आप्पा म्हणतात वगैरे. मग मराठीशी हे साम्य त्यातूनच आलंय का?

घडवंची

होमर हल्बर्ट यांनी १९०५ साली कोरियन आणि द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिलं होतं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं मानत नाहीत. आई-बापांचे शब्द जगभर म आणि प या ओठांच्या वर्णांनी बनतात, त्यावर नातं ठरत नाही. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत शब्दयोगी अव्ययं नामामागे येणं आणि 'जाऊन-खाऊन' अशी धातुसाधितं असणं हे पुष्कळदा आढळतं. जपानीतही आहे. साम्याचा उपयोग करून घ्यावा, त्यावरून वंशावळ मांडू नये.

माळरान

मी पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत उत्पादन विभागात आहे. मला जे भोगावं लागलं ते सांगतो, म्हणजे इतरांना टळेल.

वर्षभर मालिका बघून मला बरंच बोलता येत होतं. एकदा कोरियाहून आलेले एक वयस्क साहेब शॉपफ्लोअरवर पायरी चुकून गुडघ्यावर पडले. मी धावलो आणि विचारलं, "क्वेन्चाना?" मालिकेत नायक नायिकेला शंभरदा विचारतो तेच. भोवतालचे सगळे कोरियन लोक गप्प झाले. साहेब काही बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर ते माझ्याशी दुभाष्यामार्फतच बोलू लागले. नंतर दुभाष्यानं समजावलं, की मी त्यांना 'लागलं का रे?' असं विचारलं होतं. 'क्वेन्चानुसेयो?' म्हणायला हवं होतं. माझ्या मनात काळजीच होती, पण तोंडातून अरे-तुरे निघालं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. तरी ते अंतर भरून यायला चार महिने लागले.

त्यांच्याकडे अरे-तुरेच्या बोलण्याला 'बानमाल' आणि अहो-जाहोच्या बोलण्याला 'जोन्देन्माल' म्हणतात. प्रेमकथेत पात्रं बहुतेक वेळ बानमालमध्ये बोलतात, म्हणून आपल्या कानात तेच बसतं. नवीन शिकणाऱ्यांनी ऑफिसच्या मालिका बघाव्यात. तिथे टीमप्रमुख कनिष्ठाशी कसा बोलतो आणि तोच माणूस फोनवर संचालकांशी कसा बोलतो हे एकाच प्रसंगात ऐकायला मिळतं.

दुसरी मोठी अडचण म्हणजे कोरियनमध्ये आपल्या 'तुम्ही'सारखा निर्धोक शब्दच नाही. शब्दकोशात 'तांगशिन' सापडतो, पण तो नवरा-बायकोत चालतो किंवा रस्त्यावरच्या भांडणात. वरिष्ठाला तो वापरायचाच नाही. हुद्द्यानं हाक मारायची, पुढे 'निम' लावायचं. नुसत्या आडनावाला 'श्शी' लावून साहेबाला हाक मारणंही उद्धटपणाचं.

ओसरी

माळरान, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

याच संदर्भात एक वाक्य कान देऊन ऐकत जा, "माल नोउसेयो." शब्दशः, बोलणं खाली ठेवा. अर्थ, मला अरे-तुरे करा ना. दोन पात्रांच्या नात्यात हा क्षण कधी येतो, कोण आधी म्हणतं, दुसरं लगेच ऐकतं की आणखी चार भाग अहो-जाहोच करत राहतं, यावर लेखक अख्खी कथा पेलतात. इंग्रजीत आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'च.

आणि आदर दोन ठिकाणी असतो हे लक्षात ठेवा. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा वेगळा, ज्याच्याशी बोलतो त्याचा वेगळा. 'आबोजी ओश्योस्सो' हे बहीण धाकट्या भावाला सांगते. वडिलांसाठी 'शि' लागलाय, भावासाठी शेवट साधा ठेवलाय. मराठीत आपण रोज हेच करतो: "अरे, बाबा आलेत." 'अरे' भावाला, 'आलेत' बाबांना.

राजेरजवाड्यांच्या मालिका मला स्वतःला फार आवडतात, पण त्यांतली बोली दुकानात वापरू नका. ऐकायला सुंदर आहे, वापरायला दोनशे वर्षं उशीर झालाय.

उंबरठा

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं सुवोनमध्ये राहते. सोलच्या दक्षिणेला, तासाभरावर. धागा वाचून राहवलं नाही.

मालिकांमधून संस्कृती कळते का? मला पुष्कळ कळली. इथे येण्याआधीच मला माहीत होतं की थोरल्यांनी चमचा उचलल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीत, पेला दोन्ही हातांनी घेतात, वडीलधाऱ्यांसमोर पिताना मान बाजूला वळवतात. वाढदिवसाला सागरी शेवाळाचं सूप का करतात हे मात्र शेजारच्या आजींनी सांगितलं. त्याला मियोक-गुक म्हणतात. बाळंतिणीला हेच सूप देतात, आपण अळिवाची खीर देतो तसं. म्हणून वाढदिवशी ते पिताना आईनं आपल्याला जन्म दिला त्याची आठवण असते. आणि परीक्षेच्या दिवशी कुणी ते करत नाही, शेवाळ निसरडं असतं ना, पेपरातून घसरायला नको.

एक गोष्ट मी मालिकेत पाहूनही समजले नव्हते. पहिल्याच वर्षी एका घरी जेवताना मी चमचा भातात उभा खोचून ठेवला. यजमानीणबाईंनी न बोलता हळूच तो काढून आडवा ठेवला. पितरांच्या पूजेत, जेसात, पितरांच्या वाटीत चमचा असा उभा ठेवतात. जिवंत माणसाच्या ताटात तो तसा दिसणं म्हणजे आपल्याकडे जेवणाऱ्याच्या पानाशी पिंड ठेवण्यासारखं झालं.

खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आत्याला 'गोमो' म्हणतात, पण खानावळीत कुणी आत्या म्हणत नाही, मावशीच. हे ऐकून मला या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. 'आजुम्मा' मात्र जपून. पस्तिशीच्या बाईला कुणी 'ओ काकू' म्हटलं तर तिला जसं वाटतं तसं इथेही वाटतं.

आता पागोळी, तुमचं कोडं. बाईच्या तोंडी 'ह्योंगनिम' आलं की दोन शक्यता असतात: नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको किंवा नवऱ्याची थोरली बहीण. दोघींनाही तीच हाक. धाकटी असती तर लगेच कळलं असतं, कारण धाकट्या जावेला 'तोंगसो' म्हणतात आणि धाकट्या नणंदेला 'आगाश्शी'. थोरलीच्या बाबतीत कोरियन भाषाही तुमच्या आईंच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही. ती आत गेल्यावर घरातल्या म्हातारीला काय म्हणते ते ऐका. 'ओमोनिम' म्हणाली तर सून, म्हणजे थोरली जाऊ. 'ओम्मा' म्हणाली तर लेक.

तिठा

पागोळी, लवकर बघा आणि सांगा. आता मलाही झोप यायची नाही.

माळरान

उंबरठा, बायकोच्या भावाला एवढा मान देत नाहीत म्हणतात, खरं का?

उंबरठा

खरं आहे. नवऱ्याचा धाकटा भाऊ अविवाहित असेल तर त्याला 'तोर्योन्निम', त्यात मानाचा 'निम' आहेच. बायकोच्या धाकट्या भावाला नुसतं 'छोनाम'. यावर इथे बरीच चर्चा चालते आणि नव्या पिढीतल्या कितीतरी जणी सरळ नावानं हाक मारतात. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं लग्नानंतर पहिल्याच दिवशी दिराला सांगितलं, मी तुला नावानंच बोलावणार. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्याही नावानंच बोलू लागल्या.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तो भाग पुन्हा लावला, पट्टी बंद करून.

फळांची पेटी घेऊन आलेली बाई चपला काढते, स्वयंपाकघराकडे न वळता सरळ आतल्या खोलीकडे जाते आणि दारातूनच म्हणते, "ओम्मा, ना वास्सो." आई, मी आले गं.

नणंद!

मी तशीच आईला फोन लावला. साडेदहा वाजले होते, तरी तिनं उचलला. सांगितलं, आई, नणंदच होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं. लेक माहेरी पोचली. मग त्या तळणारीला कधी पाठवणार तिच्या आईकडे?"

मी पुढचा भाग लावला. पूजा झाली, जेवणं झाली, भांडी घासून झाली. तळणारी नवऱ्याला बाल्कनीत बोलावून दबक्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि त्यात एकच शब्द तीनदा आला, छिनजोंग. पट्टी लावून पाहिलं तर तिन्ही वेळा 'माझ्या आई-वडिलांचं घर' असं लांबलचक इंग्रजी. मग शब्दकोश उघडला. लग्न झालेल्या बाईचं, तिच्या जन्माच्या माणसांचं घर.

वहीत छिनजोंग लिहिलं आणि त्याच्यासमोर एकच शब्द: माहेर.